नमुन्यांची गोधडी

आधी सुई निवड, हर्षला, कापड नंतर.
सुटिंग जाड असतं, बारीक सुई मध्येच मान टाकते.
दोरा कोपरापर्यंतच घे.
लांब दोरा घेतलास तर टाके कमी, गाठी जास्त,
आणि दुपार कुठे गेली ते कळत नाही.
मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढ,
मग बघ कसा शहाण्यासारखा चालतो.

हे तुकडे बाबलदादाचे.
मुळजी जेठा मार्केटात एकतीस वर्षं
नमुन्यांची पुस्तकं काखेत मारून
तो एकेका दुकानाची पायरी चढला.
कंपनी मिटली तेव्हा हिशेबात
पैसे कमी आले, पुस्तकं जास्त.
तीन खोकी. कॉटखाली.
चिराबाजारात कॉटखालची जागा म्हणजे काय
ते तुला सांगायला नको.

तळहाताएवढा तुकडा, कडेला करवतीचे दात.
ते दात कापू नकोस.
मला वाटायचं शोभेला आहेत;
त्यांच्यामुळेच तर धागे सुटत नाहीत.
मागचा पुठ्ठा कोमट पाण्यात भिजवून काढ,
ओढलास तर अर्धं कापड त्याच्याबरोबर जाईल.
टेरीवूलवर ओला रुमाल टाकून इस्त्री,
नाहीतर चकाकतं, म्हाताऱ्या कोटाच्या कोपरासारखं.

शिवण पाव इंच.
मशीनच्या पत्र्यावर बॅंडेजची पट्टी चिकटव,
तिला घासून कापड जाऊ दे.
डोळ्यांवर विश्वास नको, माझ्या तर अजिबात नको.
शिवण गडद रंगाच्या बाजूला दाबायची असते,
पण इथे सगळंच गडद:
राखाडी, करडा, शिशाचा निळा,
पुन्हा राखाडी.
लाल सूट शिवणारा माणूस दादाला एकतीस वर्षांत भेटला नाही.

म्हणून मी खारवा घेतला,
कुणाच्या तरी दुकानातल्या जुन्या चोपड्यांचा.
रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव,
पाणी नितळ होईपर्यंत धू.
मी दोनदा धुतला, तिसऱ्यांदा कंटाळले.
तो बघ, कोपऱ्यातला राखाडी कसा लाजलाय.

आत कापूस नको.
आपल्या दमट हवेत तो गोळे धरतो, वास धरतो.
दोन जुन्या चादरी पुरे.
आणि अंथरायची कुठे? दहा बाय दहात?
खालचा कॅरम क्लब सकाळी नऊपर्यंत रिकामा असतो.
फरशीवर बोरिक पावडर सांडलेली,
सुई अशी सरकते की बोलायची सोय नाही.
मध्यावरून कच्चे टाके घाल, कडेकडे जा.
कडेपासून सुरुवात केलीस
तर मधे पोट सुटतं, ते नंतर आत जात नाही.
(माझंही गेलं नाही.)

तिथेच दादा आला, मोजे घालून, चहा न घेता.
काठाशी उभा राहून वाचायला लागला.
सातशे चार. हा कधी खपलाच नाही.
नऊशे अकरा. लग्नसराईत पुरायचा नाही.
दोनशे तीस, दोनशे तीस,
मग थांबला.
हा उलटा लावलायस.

मला तर दोन्ही बाजू सारख्याच.
म्हटलं, राहू दे, पांघरल्यावर कोण बघतंय.
त्याने खिशातून दाढीचं पातं काढलं
आणि गुडघे मोडून खाली बसला.

उसवायचं कसं ते मी सांगितलं:
प्रत्येक चौथा टाका काप,
मग पलीकडून दोरा धरून ओढ, सबंध निघतो.
त्याने तसंच केलं, जीभ दातांत धरून.
एवढ्या वर्षांत मी त्याला कापड
उघडून दाखवतानाच पाहिलं होतं,
घडी घालून पुन्हा काखेत मारताना.

नऊ वाजले. पोरं स्ट्रायकर घेऊन दारात.
दादा म्हणाला, दहा मिनिटं.
सव्वादहा झाले.

आणि हो, धुतलीस की एकटीने उचलू नकोस,
ओली फार जड होते.
वाळायला दोन-अडीच दिवस लागतात.
गच्चीची चावी वैद्यांकडे असते,
आदल्या दिवशीच मागून ठेव.